बॅज बदलायचा दिवस

सकाळी ८.४०

आज १ जुलै, तिमाही बदलली. कुर्ल्याला रुळांवर पाणी आल्यामुळे हार्बरच्या गाड्या रखडत चालल्यात, तरी मी सगळ्यांच्या आधी येऊन बॅजच्या रॅकसमोर उभी आहे. जुने बॅज काढून नवे लावायचे ते लोक कामाला लागायच्या आत. एकदा का मंडळी लॅबमध्ये शिरली, की निम्मे बॅज सापडत नाहीत. कुणाचा अ‍ॅप्रनच्या खिशात आणि अ‍ॅप्रन धोब्याकडे, कुणाचा होस्टेलवर, कुणाचा आयकार्डाच्या दोरीला अडकून थेट नाशिकला.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे. समोर ‘आरएसओ मॅडम’, पाठीमागे ‘नाही म्हणणाऱ्या मॅडम’. दोन्ही नावं मला मान्य आहेत.

टीएलडी बॅज म्हणजे छातीवर लावायची एक प्लास्टिकची कॅसेट. आत धातूच्या पट्टीवर तीन पांढऱ्या चकत्या असतात: टेफ्लॉनमध्ये मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट आणि त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम. एक चकती तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आड, दुसरी प्लास्टिकच्या आड, तिसरी उघडी. किरणोत्सर्गाची ऊर्जा या चकत्यांत अडकून राहते. तिमाही संपली की प्रयोगशाळेत त्या तापवतात, तशी अडकलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. किती प्रकाश पडला यावरून डोस कळतो, आणि तीन चकत्यांच्या आकड्यांत फरक किती यावरून किरण कोणत्या जातीचे होते ते कळतं.

नव्या मुलांना वाटतं, बॅज लावला की झालं. पण बॅज काहीच अडवत नाही. एप्रिल ते जूनमध्ये इथे काय घडलं ते तो मला काही आठवड्यांनी सांगणार, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेल्यावर. माझं खरं काम बॅजच्या अहवालाआधीच्या तीन महिन्यांतलं.

रॅकच्या टोकाला कंट्रोल बॅज आहे. तो कुणीच लावायचा नाही. तो नुसता इथे राहून निसर्गाचा किरणोत्सर्ग गोळा करतो आणि तेवढा आकडा प्रत्येकाच्या बॅजमधून वजा होतो. दर वेळी कुणीतरी विचारतं, हा जास्तीचा आहे तर आज आलेल्या पाहुण्यांना देऊ का? नाही. एका बॅजवर एकच माणूस, आणि कंट्रोलवर कुणीच नाही.

गेल्या तिमाहीचा अहवाल नोटिसबोर्डाजवळच्या फाइलीत आहे. बहुतेक नावांपुढे शून्य. आपल्याकडची मर्यादा सलग पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, म्हणजे वर्षाला सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका वर्षाला ५० पर्यंत मुभा आहे, अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे एईआरबीने, ती ३० वर आणून ठेवलीय. सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १. आमचे शून्य बघून वरिष्ठ कधीकधी म्हणतात, मग एवढा व्याप कशाला? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय.

९.३०

गेटवरून फोन. “मॅडम, तुमचं तीन पात्यांचं पार्सल आलंय.” किरणोत्साराच्या चिन्हाला सिक्युरिटीवाल्यांनी तीन पाती हे नाव दिलंय, आणि ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हे पार्सल टेबलावर टाकून चहाला जायचं नाही, हेही ठाऊक आहे. ही माझी जुनी कमाई.

थर्मोकोलच्या खोक्यात ड्राय आइस, त्यात फॉस्फरस-३२ लावलेलं न्यूक्लिओटाइड. हा माल ब्रिटच्या, म्हणजे आयसोटोप पुरवणाऱ्या सरकारी मंडळाच्या, हैदराबादच्या जोनाकी केंद्रातून येतो. कागदावर ३७ मेगाबेक्वेरेल, तोंडी अजूनही ‘एक मिलिक्युरी’. आधी मीटरची बॅटरी बघायची, मग बॅकग्राउंड, मग चेक सोर्स समोर धरायचा. रोजचा आकडा दिसला तरच मीटरवर विश्वास. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो, आणि ते शून्य सगळ्यांत घातक.

खोक्याच्या पृष्ठभागावर एक वाचन, एक मीटरवर दुसरं. बाहेरून पुसणी घेतली, म्हणजे कागदाने पुसून तो कागद मोजला, मग आतल्या डबीची. गळती नाही. लेबलावर कोणत्या तारखेला किती सक्रियता ते छापलेलं असतं. फॉस्फरस-३२ चा अर्धायुकाल १४.३ दिवस, म्हणजे रोज जवळजवळ पाच टक्के माल हवेत न उडताच नाहीसा होतो. ‘प्रयोग पुढच्या आठवड्यात करू’ असं म्हणणाऱ्याला मी हा हिशेब दाखवते.

खोकं रिकामं झाल्यावर त्यावरचं चिन्ह मार्करने पूर्ण काळं करायचं. हे काम आमच्या शिपाई मामांचं, आणि मामा ते निगुतीने करतात. नाहीतर तेच थर्मोकोल संध्याकाळी भंगारवाल्याच्या गाडीवर दिसतं, कुणीतरी फोटो काढतं आणि रात्रीपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरतो.

१०.१५

तिसऱ्या मजल्यावर पीएचडीच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी आज पहिल्यांदा ‘हॉट’ काम करणार आहे. रंगीत पाणी घेऊन तिने हाच प्रयोग पूर्वी सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलाय. कुठली नळी कुठे ठेवायची, टिप कुठे टाकायची, मध्येच दार वाजलं तर हात कुठे जातो, हे त्यात कळतं. हात सरावले की वेळ निम्म्यावर येतो आणि वेळ निम्मा झाला की डोसही निम्मा.

ट्रे मांडलाय, त्यात शोषकागद, हातात दोन-दोन ग्लोव्हज, मनगटावर टेप, मीटर चालू आणि त्याचा आवाजही चालू. समोर मात्र शिशाची वीट.

“ही कुणी ठेवली?”

“सिनियरने सांगितलं, मॅडम. शिसं जास्त चांगलं ना?”

वीट उचलून मी बाजूला ठेवते. फॉस्फरस-३२ मधून निघतात ते बीटा कण, १.७१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे, हवेत सहा मीटरपर्यंत जाणारे. पण अ‍ॅक्रिलिकच्या एक सेंटीमीटरच्या पत्र्यात ते पुरते थांबतात. हेच कण शिशासारख्या जड धातूवर आपटले, की थांबताना एक्स-रे तयार करतात. म्हणजे सहज अडणारी गोष्ट सोडून अडवायला कठीण अशी दुसरी निर्माण होते. आधी अ‍ॅक्रिलिक, आणि माल फार असेल तरच त्याच्या बाहेरून शिसं. उलटा क्रम नाही.

दुसरी गोष्ट बोटांची. मूळ कुपी बोटांत धरायची नाही, चिमट्याने धरायची. बोट एक सेंटीमीटरवर असेल आणि चिमट्याने ते दहावर गेलं, तर अंतराच्या वर्गाच्या नियमाने डोस शंभरपट कमी होतो. दोनशे रुपयांच्या चिमट्याएवढं स्वस्त संरक्षण माझ्या खात्यात दुसरं नाही. छातीवरच्या बॅजला बोटांचं दुःख कळत नाही, म्हणून या कामाला मनगटाचा वेगळा बॅज. आणि उघड्या कुपीवर वाकून आत बघायचं नाही. अ‍ॅक्रिलिकच्या आडून जेवढं दिसतं तेवढं पुरे.

तिने काम सुरू केलं. मीटर टकटकत राहिला. ती प्रत्येक टप्प्यानंतर थांबून ग्लोव्हज मीटरपुढे धरत होती, न सांगता. मी निघाले.

जिना उतरताना एका प्राध्यापकाने गाठलं. “आता कोण वापरतं हो पी-३२? आमच्याकडे सगळं फ्लुरोसन्सवर.” खरं आहे. माझ्या परवान्याच्या फॉर्मवर पहिला प्रश्न मी तोच छापून ठेवलाय: हे काम किरणोत्सारी मालाशिवाय होईल का? पूर्वी लोक तिथे सवयीने ‘नाही’ लिहायचे. आता खरोखर विचार करतात, आणि आयसोटोप मागवणाऱ्या लॅब वर्षागणिक कमी होतायत. माझ्या खुर्चीचं महत्त्व त्यामुळे कमी होत असेल, तर होऊ दे.

११.४०

तळमजल्यावर पावडर डिफ्रॅक्टोमीटर. तांब्याच्या टार्गेटची एक्स-रे ट्यूब, ४० किलोव्होल्टवर चालणारी. हिच्याबाबत लोक निर्धास्त असतात, कारण बटण बंद केलं की रेडिएशन संपलं, मागे काही उरत नाही. खरं आहे. पण चालू असताना तिचा किरणझोत पेन्सिलीएवढाही रुंद नसतो आणि त्या बारीक झोतात बोट काही सेकंद गेलं तरी भाजतं. भाजलेलं त्या क्षणी कळतही नाही. लाली आणि फोड नंतर येतात. छातीवरचा बॅज? शून्य. झोत त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून इथे माझी सगळी भिस्त दारावरच्या इंटरलॉकवर. दार उघडलं की शटर बंद झालंच पाहिजे. आज मी तेच तपासते: शटर उघडं, दिवा लाल, दार ओढलं, शटर पडलं. दिवा स्वतःच गेला असेल तर यंत्र सुरूच होता कामा नये, तेही बघितलं. मग दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. जुन्या यंत्रांवर अलाइनमेंट करणारे लोक इंटरलॉकच्या बटणावर सरळ चिकटपट्टी लावायचे. आज हाताला काही लागलं नाही.

१.००

कँटीन. अकाउंट्समधले एक जण पोटाचं सीटी स्कॅन करून आलेत आणि काळजीत आहेत. “तुमच्या भाषेत किती झालं?” साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट, मी सांगते. त्यांनी हिशेब केला, “म्हणजे तुमच्या मर्यादेच्या निम्मं! एका दिवसात!” हो, पण ती मर्यादा नोकरीमुळे मिळणाऱ्या डोसाची आहे, तपासणी तुमच्या भल्यासाठी होती आणि डॉक्टरांनी विचार करून सांगितली होती. मर्यादा रुग्णाला लागू नसते. मग निसर्गाकडून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात हेही सांगितलं. त्याने त्यांचं समाधान झालं की नाही माहीत नाही, पण भेंडीची भाजी त्यांनी संपवली.

२.००

केबिनचं दार वाजलं. “मॅडम, दोन मिनिटं आहेत का? दार लावू?”

दार लावायचं म्हटलं की मला अंदाज येतो. तिला नववा आठवडा आहे. गाइडला अजून सांगितलेलं नाही. पहिला प्रश्न माझ्या अपेक्षेप्रमाणेच: “आधीचे दोन महिने मी काम करत होते, त्याचं काय?”

इथे ‘काही होत नाही’ असं म्हणून पाठवायचं नसतं. तिचं रजिस्टर काढलं. त्या दोन महिन्यांत तिने फॉस्फरस-३२ आणि सल्फर-३५ वापरलं होतं, ट्रिटियम नाही. फॉस्फरसचे बीटा कण शरीरात शिरले तरी फार तर आठ मिलिमीटर जातात, बाहेरून गर्भापर्यंत पोचत नाहीत. सल्फरचे तर कातडीचा वरचा थर जेमतेम ओलांडतात. म्हणजे बाहेरून धोका नाही, प्रश्न फक्त पोटात किंवा श्वासातून काही गेलं का, एवढाच. त्या काळातल्या तिच्या बेंचच्या पुसण्या स्वच्छ आहेत, हातांची तपासणी स्वच्छ आहे. सल्फर लावलेलं मेथिओनिन मात्र उघडताना वाफेतून थोडं उडतं, म्हणून तिने कुपी धूर-कपाटात उघडली होती का, हे विचारलं. उघडली होती, रजिस्टरमध्येही तसंच लिहिलंय. तरीही लघवीची चाचणी करून घेऊ म्हटलं. माझ्या शब्दापेक्षा काउंटरचा कागद तिला रात्री जास्त उपयोगी पडेल.

यापुढचं सोपं आहे. तिने लेखी कळवल्यावर उरलेल्या काळासाठी गर्भाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे बाहेरच्या कुठल्याही माणसाएवढी. व्यवहारात आम्ही तिला उघड्या आयसोटोपच्या कामातून बाहेर काढतो, बेंच बदलतो, पण काम काढून घेत नाही. गर्भवती असल्याचं कळवणं हे कामावरून दूर करायचं कारण होऊ शकत नाही, काम जुळवून घ्यायची जबाबदारी संस्थेची, हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत स्पष्ट लिहिलेलं आहे. भारतातल्या मुलींना यातलं शेवटचं वाक्य कुणी सांगत नाही. म्हणून त्या सांगायला उशीर करतात, आणि उशीर झाला की माझ्या हातात करण्यासारखं थोडंच उरतं.

“सरांना काय सांगू?”

“सरांना तू सांग, तुला वाटेल तेव्हा. मी फक्त एवढंच कळवीन की तुझी आयसोटोपची पाळी सध्या दुसऱ्याला दिलीय. कारण विचारलं तर ते माझ्याकडे राहील.”

ती गेली. बाहेर पावसाचा जोर वाढलाय.

२.५०

स्टोअर्सकडून फाइल आली. विषय: कंडेम केलेल्या यंत्रांचा लिलाव. माझी सही हवी, ‘आरएसओची हरकत नाही’ या ओळीवर, आज चारच्या आत.

या सहीला मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त घाबरते. कारण सांगायला दिल्लीला जावं लागतं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाकडे १९७० च्या सुमारास कॅनडाहून आणलेला एक गॅमासेल होता: शिशाच्या जाड कवचात कोबाल्ट-६०. १९८५ नंतर तो वापरात नव्हता. वापरणारे निवृत्त झाले, यंत्र खोलीत राहिलं, त्यात काय आहे ही आठवण मात्र राहिली नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून गेलं. मायापुरीच्या भंगारबाजारात शिसं सोलून काढलं गेलं, आतल्या कोबाल्टच्या कांड्या उघड्या पडल्या, तुकडे झाले, हातोहात फिरले. एप्रिलमध्ये माणसं रुग्णालयात पोचली: काळवंडलेली कातडी, उलट्या, गळणारे केस. एक जण दगावला. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षांचा, त्या मानाने चाळीस वर्षांत मूळ मालाचा दोनशेवा हिस्साच उरला असेल. तेवढा पुरला.

त्यातलं कुणीही रेडिएशनमध्ये काम करणारं नव्हतं. कुणाच्याही छातीवर बॅज नव्हता. विद्यापीठाच्या डोस-अहवालात काहीच दिसलं नसतं, कारण धोका लॅबमध्ये काम करताना झालाच नाही, लॅब विसरली म्हणून झाला. वरिष्ठांच्या ‘एवढा व्याप कशाला’चं माझ्याकडे असलेलं उत्तर हे एवढंच, आणि ते सांगायला लागलं की लोकांना वाटतं मी विषय सोडून बोलतेय.

फाइल उघडली. दोन सेंट्रिफ्यूज, एक इनक्युबेटर, मोडक्या खुर्च्या, संगणक. पुढे: ‘गॅस क्रोमॅटोग्राफ, नादुरुस्त, १ नग.’ आणि खाली: ‘काउंटर, जुना, १ नग.’

छत्री घेऊन मामांबरोबर मागच्या शेडमध्ये गेले. क्रोमॅटोग्राफची मागची झाकणं काढायला मामांनी स्क्रूड्रायव्हर आणला होता, सांगावं लागलं नाही. आत दोन डिटेक्टर. एक साधा ज्वाळेचा. दुसरा इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर, कीटकनाशकांचे अंश मोजणारा. त्याच्या पोटात निकेल-६३ चा मुलामा दिलेला पत्रा असतो. अर्धायुकाल सुमारे शंभर वर्षं. मीटर लावला तर बाहेर काहीच नाही, निकेलचे दुबळे बीटा स्टीलच्या भिंतीतून येत नाहीत. मीटरवर भिस्त ठेवून सही केली असती तर हे बिनबोभाट धारावीला गेलं असतं, आणि तिथे कुणीतरी स्टील वेगळं करायला ते छिन्नीने फोडलं असतं. डिटेक्टरच्या कडेला, धुळीखाली, लहानशी पाटी होती. तीन पाती, आयसोटोप, सक्रियता, अनुक्रमांक. हा अनुक्रमांक माझ्या सोर्स-रजिस्टरमध्ये आहे, ‘तिसरा मजला, पूर्वेकडची लॅब’ या पत्त्यावर. लॅब कधीच बंद झाली, प्राध्यापक पुण्याला स्थायिक झाले, यंत्र मजले उतरत शेडपर्यंत आलं.

‘काउंटर, जुना’ हा लिक्विड सिंटिलेशन काउंटर निघाला. लोकांना वाटतं तो रेडिएशन मोजतो, त्याच्यात रेडिएशन कुठलं? पण अशा बऱ्याच यंत्रांच्या आत कॅलिब्रेशनसाठी एक छोटा सीलबंद सोर्स बसवलेला असतो. बेरियम-१३३, सीझियम-१३७, जसं मॉडेल तसं. इथे मीटर लगेच बोलला.

दोन्ही यंत्रांवर लाल टॅग, दोन्ही ओळींवर काट, खाली माझी सही आणि वेळ. सोर्स आता पुरवठादाराकडे किंवा अधिकृत विल्हेवाटीला जातील, एईआरबीची परवानगी घेऊन, ठरलेल्या खोक्यातून. त्याला महिने लागतील. स्टोअर्सच्या साहेबांनी फोनवर विचारलं, “मॅडम, दोन आयटमसाठी सगळा लॉट थांबवायचा?” लॉट जाऊ द्या, म्हटलं, खुर्च्या खुशाल विका.

४.१५

पुसण्या मोजायला लावल्या. ट्रिटियमचे बीटा इतके क्षीण, १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे, की हातातल्या मीटरला ते दिसतच नाहीत आणि बॅजलाही नाहीत. त्याला एकच उपाय, ओलसर फिल्टर पेपरने शंभर चौरस सेंटीमीटर जागा पुसायची, कागद सिंटिलेशन कॉकटेलमध्ये बुडवायचा आणि काउंटरमध्ये मोजायचा. नवखे लोक बेंच पुसून आणतात. बेंच स्वच्छच असतो, तिथे कागद अंथरलेला असतो. मी पुसते ते फ्रिजचं हँडल, सेंट्रिफ्यूजचं बटण, नळाची चावी, खुर्चीची पाठ, दारावरची कडी, आणि भिंतीवरचा फोन, जिथे माणूस ग्लोव्हज न काढता हात लावतो.

आज सेंट्रिफ्यूजचं झाकण बोललं. फार नाही, पण बॅकग्राउंडच्या कित्येक पट. रजिस्टरवरून कालचे दोघे सापडले, दोघांनाही लघवीच्या नमुन्याची बाटली दिली, कुणालाही ओरडले नाही. ओरडलं की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही. झाकण डिटर्जंटने पुसायचं, बाहेरून आत, म्हणजे डाग पसरत नाही. कातडीवर असतं तरी साबण आणि कोमट पाणीच. ब्रशने घासायचं नाही, कातडी सोलली की माल आत जायला वाट मिळते.

४.५०

गॅमा चेंबर, म्हणजे आमचं कोबाल्ट-६० चं यंत्र. एका कृषी महाविद्यालयातून तिळाचं बी आलंय, उत्परिवर्तनासाठी. ट्रॉम्बेच्या टीएजी-२४ भुईमुगाचं नाव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, तोही याच वाटेने आलेला. कोबाल्ट महिन्याला सुमारे एक टक्क्याने क्षीण होतो, त्यामुळे गेल्या महिन्याची वेळ वापरून चालत नाही. नवा हिशेब करून तक्त्यावर चिकटवला. भोवतीची गळती मोजली, नेहमीइतकीच. सोबत आलेल्या विद्यार्थ्याने विचारलं, हे बी आता घरी न्यायला चालेल का? चालेल. गॅमा किरण खाल्लेलं बी स्वतः किरणोत्सारी होत नाही.

५.१५

कचऱ्याची खोली. फॉस्फरसच्या पिशव्यांवर तारखा लिहिलेल्या असतात. दहा अर्धायुकाल उलटले की हजारातला एक भागही उरत नाही, म्हणजे १४३ दिवस. ५ फेब्रुवारीची पिशवी आज त्यात बसते. मीटर लावला, बॅकग्राउंडएवढंच. चिन्हं खोडली, नोंद केली, पिशवी साध्या जैविक कचऱ्यात गेली. कार्बन-१४ ची पिशवी मात्र अशी थांबवून उपयोग नाही, तिला ५७३० वर्षांनी निम्मं व्हायचंय. ती आणि ट्रिटियम अधिकृत संस्थेकडे पाठवायचं.

पावसाळ्यात इथे दोन शत्रू: उंदीर आणि जेल पेन. उंदीर पिशव्या कुरतडतात म्हणून लोखंडी डबे घेतले. जेल पेनची शाई दमटपणाने पसरते आणि तारीख गेली की पिशवी अनाथ होते, मग तिच्यात काय आहे हे शोधण्यात अख्खा दिवस. झाडू मारणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय, अक्षर न वाचता येणारी पिशवी दिसली की हात लावू नका, मला फोन करा. आज त्यांचा फोन आला नाही.

६.००

एईआरबीच्या इ-लोरा पोर्टलवर सोर्सची जागा बदलल्याची नोंद केली, शेडमधल्या दोन यंत्रांची. जुने बॅज कंट्रोलसकट एका पाकिटात भरले. तीन कमी आहेत, तिघांना मेसेज गेला.

सव्वासहाला पोस्टडॉक आला. अमेरिकेतून नुकताच परतलाय, हुशार आहे, घाईत आहे. आयोडीन-१२५ जोडायचं काम शनिवारी रात्री करतो म्हणाला, तेव्हा हूड, म्हणजे धूर-कपाट, मोकळं असतं. आयोडीन हवेत उडतं आणि श्वासातून थेट थायरॉइडमध्ये जाऊन बसतं, म्हणून या कामाच्या आधी आणि नंतर मानेसमोर काउंटर धरून थायरॉइड मोजायचा, आणि मांडीसमोर धरलेला आकडा त्यातून वजा करायचा. शनिवारी रात्री हे कोण मोजणार?

“मी एकटाच करायचो तिथे, मॅडम.”

“इथे दोघं लागतात. आणि आधी पाण्यावर एकदा करून दाखव.”

“मला हे दहा वर्षं येतं.”

“मग पाण्यावर वीस मिनिटांत होईल.”

हुडाचा हवेचा वेग मागच्या महिन्यात मोजलाय, कोळशाचा फिल्टर बदललाय, ते कागद त्याला दाखवले. त्याने ते उभ्याउभ्या वाचले, एक शंका विचारली, चांगली होती. शेवटी गुरुवारी सकाळी साडेदहा ठरलं. बेसलाइन मोजायला उद्याच ये म्हटलं, आयोडीनला हात लावण्याआधीची मान मला हवी आहे. जाता जाता त्याने विचारलं, मनगटाचा बॅज कुठल्या हाताला लावायचा. ज्या हाताने कुपी धरतोस त्या, मी म्हटलं, आणि रजिस्टरमध्ये ‘डावखुरा’ असं लिहून घेतलं.